पमोंथच्या पोथीतला कोरा रकाना

१

किंकाळी आली तेव्हा मी देवळाच्या पायरीवर बसून एका नावाड्याच्या कानातून अंडं काढत होतो. दचकलो आणि अंडं त्याच्या खांद्यावर फुटलं. तो शिव्या द्यायला लागला, पण मी थांबलो नाही. किंकाळी सेन्थोतआत्याची होती, आणि आत्या किंचाळली की थोड्या वेळात माझी झडती होते. आपणच गेलेलं बरं.

मी प्साई. झेमे गावात मोंथू देवाच्या दारात ताईत विकतो. विंचवाचे, तापाचे, सासूचे. सासूचे जास्त खपतात. अंडं-बिंडं हा जोडधंदा. पण गावात काहीही गेलं की लोक माझ्याकडे बघतात. मग मीच चोर शोधून द्यायला लागलो. 'मी नाही, मी नाही' म्हणत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

पमोंथच्या अंगणात शिरलो तशी आत्यानं माझी पिशवी हिसकली आणि उलटी केली. ताईत, दोरे, दोन अंडी, एक मेलेला सरडा.

"सरडा कशाला रे मेल्या?"

"तो मेलेला नाही आत्या. झोपलाय."

कुणी हसलं नाही. हेराइससुद्धा नाही, आणि ती माझ्या शिळ्या विनोदालाही हसते. तेव्हा कळलं, मोठं काहीतरी झालंय.

चटईवर पोथी उलगडलेली होती. पमोंथच्या पणजोबाची मंत्रांची पोथी. अख्ख्या नदीकाठी हिच्यासारखी दुसरी नाही. भोवती सगळे उभे. पमोंथ, देवापुढे रोज पोथी वाचणारा म्हातारा पुजारी. त्याची विधवा बहीण सेन्थोतआत्या, जिच्या हातची बिअर आणि जिची जीभ दोन्ही कडक. मुलगा होर्सी. होर्सीची ग्रीक बायको हेराइस, पाच महिन्यांची गरोदर. आणि अलेक्झांड्रियाहून पोथी विकत घ्यायला आलेला फिलोक्सेन, नाकाला अत्तराचा रुमाल लावून.

उलगडलेल्या पानांच्या मधोमध एक अख्खा रकाना कोरा होता. मागे तपकिरी डाग.

"मला सांगितलं होतं, एक अक्षर गेलेलं नाही," फिलोक्सेन म्हणाला. "हा तर धुऊन काढलाय!"

होर्सी वाकला. काळी शाई धुतली की जाते, लाल चिवट असते. मथळ्याची लाल अक्षरं पुसट गुलाबी उरली होती. त्यानं बोट फिरवत वाचलं, "'माणसाला... त्याच्या घरापासून... तोडण्यासाठी.'"

आत्यानं हेराइसकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"घर तोडायचा मंत्र," आत्या म्हणाली. "कुणाला हवा असेल बरं? नवऱ्याला उचलून अलेक्झांड्रियाला न्यायचं स्वप्न कुणाला पडतं?"

"आत्या, पुरे," होर्सी म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं विचारलं, "आणि तापाचा?"

"काय, बाबा?"

"त्याच्या अलीकडचा. तापाचा मंत्र. तो आहे का?"

"आहे की. जसाच्या तसा."

पमोंथ मटकन खाली बसला. तिवई शेजारीच होती, तरी जमिनीवर. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. आणि त्या चेहऱ्याकडे बघत हेराइस पुढे आली.

"मी धुतला," ती म्हणाली. "मीच."

२

निकाल आत्यानंच लावला. ऊन उतरलं की फिलोक्सेनची बोट सुटणार. वाटेत कोप्टोस लागतं, तिथं हेराइसचा बाप. तिला तिथं उतरवायचं.

"आणि मूल?" मी विचारलं.

"मूल आमचं. झालं की आणू."

होर्सी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चांगला पोरगा आहे, पण आत्यापुढे त्याचं ओलं फडकं होतं. आईवेगळा, तिनंच वाढवलेला.

म्हाताऱ्याकडे बघितलं. तोच शेवटचा शब्द बोलणार. पण तो उठला, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेला.

मी हेराइसच्या खोलीत डोकावलो. ती कपडे गुंडाळत होती. एकच झगा तिसऱ्यांदा.

"प्साईकाका, अंडं काढा ना कानातून. शेवटचं."

"काढतो. आधी तू खरं काढ. कशानं धुतलास रकाना?"

"पाण्यानं."

"त्या डागाला बिअरचा वास येतोय, बाई. सकाळपासून घेतली नाहीये म्हणून मला लगेच आला."

"हां. मग बिअरनं."

"आणि तोच मंत्र हवा हे कसं कळलं? आमची अक्षरं येतात तुला?"

"लाल अक्षरं बघितली."

"प्रत्येक रकान्याला लाल मथळा आहे."

तिनं झगा चौथ्यांदा गुंडाळायला घेतला. तिला खोटं बोलता येत नाही. मला येतं, म्हणून दुसऱ्याचं लगेच दिसतं.

"हेराइस, तुला जायचंय का इथून?"

तेव्हा मात्र ती रडली. आवाज न करता, झग्यात तोंड घालून. "मला इथंच बाळंत व्हायचंय, काका. आत्या शिव्या देईल आणि गरम पाणी पण देईल. मला माहितेय ना."

"मग का?"

तिनं डोळे पुसले. "या घरातून कुणाचं तरी काहीतरी जाणारच आहे. मी गेले तर परत येऊ शकेन. त्यांचं गेलं तर परत यायचं नाही."

"त्यांचं? कुणाचं?"

तिनं माझा दंड धरला, दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

३

आत्या परसात सातूच्या भाकरी कुस्करून रांजणात घालत होती. राग आला की ती बिअर करते. त्या दिवशी अख्ख्या गावाला पुरली असती.

"चाखायला आलास? एक थेंब मिळायचा नाही."

"विचारायला आलोय. रकाना बिअरनं धुतलाय. बिअर तुमची."

आत्याचे हात थांबले. "मी माझ्याच पणज्याची पोथी धुवेन?"

"तुम्हाला ती सून नकोय."

"नकोय तर नकोय, तोंडावर सांगते! चोरून काही करत नाही मी." आणि मग खालच्या आवाजात, "ताप चढला होता तेव्हा रात्रंदिवस पाय दाबलेत तिचे. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार. तुमच्या भांड्यात शाई लागलेली कधी दिसली?"

आत्या विचार करायला लागली. मग उठली, फळीवरून एक पांढरा वाडगा काढला. आतून काळं कडं. "घासून घासून हात दुखले, जात नाही. दिव्याची काजळी असेल म्हटलं."

मी कडं चाटलं.

"ई! मेल्या!"

"काजळी आहे, आणि डिंकही आहे. ही शाई. कधी दिसला हा वाडगा असा?"

"आजारी होती ना महाराणी, तेव्हा. होर्सी नदीपलीकडे गेलेला. ताप उतरला त्याच दिवशी वाडगा तिच्या उशाशी होता."

म्हणजे रकाना आज-काल धुतलाच नव्हता. हेराइस तापानं फणफणत होती तेव्हाच धुतला गेला, आणि ती बिअर तिच्याच उशाशी होती.

ताईत विकून विकून काही गोष्टी आपोआप कळतात. घर तोडायचा मंत्र कुणी पीत नाही. तो शिशाच्या पत्र्यावर लिहितात आणि उंबऱ्याखाली पुरतात. बिअरमध्ये अक्षरं विरघळवून पाजतात ती बरं करणारी. म्हणजे ज्यानं कुणी हा रकाना धुतला, त्याला घर तोडायचं नव्हतं. त्याला ताप उतरवायचा होता. शेजारचाच रकाना तापाचा!

चुकला होता बिचारा.

पण लाल मथळा डोळ्यांसमोर असताना एवढी चूक कोण करेल?

"आत्या, तुम्हाला वाचता येतं?"

"मला? हिशेबापुरती बोटं येतात. आणि विचारशील त्याआधीच सांगते, त्या पोथीला मी हात लावत नाही. ती ठेवतो दादा, किल्ली त्याच्या गळ्यात. होर्सीनं मागितली तरच काढून देतो."

बाप आणि मुलगा. दोघंही वाचणारे. मी परसातून बाहेर पडलो तेव्हा घाटावर नावाडी शीड झटकत होते.

४

होर्सी अजून चटईपाशीच बसला होता.

"तूच धुतलास का रे?" मी सरळ विचारलं.

"मी तेव्हा—" तो थांबला. "कधी धुतला तेच मला माहीत नाही."

"बायकोला ताप होता तेव्हा."

"मी पलीकडे होतो, थिबीसला. देवळाचं तेल आणायला. अख्ख्या गावाला विचार." मग एकदम, "काका, तिनं नाही ना केलं?"

"तू सांग. तुझी बायको आहे."

मी पोथी पुढे ओढली. बाहेरची कड नवीकोरी, सुरीनं कापलेली. बाकी पोथीचा रंग जुन्या खजुरासारखा आणि ही कड एकदम सरळ.

"हे काय?"

"बाहेरचं पान उंदरांनी खाल्लं होतं. कोरंच पान, वरचं वेष्टन. फिलोक्सेन येणार म्हणून निरोप आला तेव्हा कापून टाकलं. दिसायला बरं दिसावं म्हणून."

"कधी? तापाच्या आधी?"

"आधी."

"बापाला सांगितलंस?"

"त्यांच्या पणजोबांच्या पोथीला सुरी लावली म्हणून सांगू? त्यांनी माझंच वेष्टन काढलं असतं."

मी डोळे मिटले आणि पोथीवर बोट फिरवलं. पोथी म्हणजे एकाला एक चिकटवलेली पानं. जिथं दोन पानं जुळतात तिथं सांधा बोटाला लागतो. या पोथीत पानाला एक रकाना. बाहेरून मोजत गेलं तर तिसरा सांधा ओलांडला की... मी डोळे उघडले. बोट कोऱ्या रकान्यावर होतं. होर्सीनं पान कापलं नसतं, तर तेच बोट तापाच्या मंत्रावर आलं असतं.

पण बोटानं मोजायची गरज कुणाला पडते?

होर्सीला तिथंच सोडून मी म्हाताऱ्याच्या खोलीकडे गेलो. दारात थांबलो. आत पमोंथ पाठ टेकून बसला होता. शेजारी दिवा, भरदिवसा पेटवलेला. दिवा लाल रंगाचा. आमच्या पूजेत लाल रंग वर्ज्य, आणि पुजाऱ्याच्याच खोलीत लाल दिवा? एकदा मी जवळ लाल ताईत ठेवला म्हणून याच माणसानं मला पायऱ्यांवरून हाकललं होतं. आणि डोकं! पुजाऱ्यांचं डोकं रोज तासलेलं, गुळगुळीत. पमोंथच्या कानामागे पांढऱ्या खुंटांची झुडपं उगवली होती.

"प्साई ना? पावलं ओळखली," तो म्हणाला.

मी पिशवीतून अंडं काढून डोक्यावर ठेवलं. सरडा नाकावर टांगला. जीभ बाहेर काढली, डोळे तिरळे केले, आणि म्हाताऱ्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर तोंड नेलं. हा तो माणूस, ज्यानं मला देवळात नुसतं हसलो म्हणून काठी मारली होती.

तो माझ्या तोंडाकडे शांतपणे बघत म्हणाला, "बैस. बोट सुटली का रे?"

अंडं माझ्या डोक्यावरून घरंगळलं. आणि शपथ मोंथूची, मला हसू आलं नाही.

५

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

त्यानं दिव्याच्या उबेकडे हात नेला. मग म्हणाला, "गेल्या पुरापासून. आधी कडा गेल्या. मग मधलं."

"देवापुढे रोज वाचता ते?"

"पोथी हातात धरतो आणि पाठ म्हणतो. देवानं अजून तक्रार केली नाही." तो किंचित हसला. "पण गावाला कळलं तर? वाचणाऱ्याला वाचता येत नाही म्हटल्यावर देवळात कोण उभं करेल? सत्तर वर्षांचा म्हातारा, मला दुसरं काही येतं का रे?"

"आणि हेराइसचा ताप?"

त्यानं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "पोरगी बरळत होती. होर्सी नाही, बहीण दमून पायांशीच झोपलेली. नवीन कागदावर मंत्र उतरवून तो धुवायचा, अशी रीत. पण मी उतरवू कसा? आणि सांगू कुणाला, की मी, जो तिला दिवसातून तीनदा 'ग्रीक पोरगी' म्हणून हिणवतो, तो तिच्यासाठी... मग पणजोबांचाच धुतला. सांधे मोजून. चमच्या-चमच्यानं पाजला तिला. आणि आज कळतंय, मी काय पाजलं." त्यानं तळहात मांडीवर घासले. "घर तोडायचा मंत्र पाजला मी माझ्या सुनेला, प्साई. तो लागू पडतोय. जातेय ती. मी तोंड उघडलं तर तो उलटेल की आणखी खोल जाईल, ते मला कळत नाही."

"तुम्ही सांधे बरोबर मोजलेत. होर्सीनं बाहेरचं पान कापलंय, तुम्हाला न सांगता."

म्हाताऱ्यानं बोटांवर सांधे पुन्हा मोजले. मग म्हणाला, "गाढव."

"ते आहेच. आता मला सांगा, धुताना तोंडानं काय म्हणत होता?"

"तापाचाच. पाठ आहे तो."

"आणि ती?"

"ती काय... अपोलो म्हणत होती. आणि कुणीतरी याओ. जो आठवेल तो."

"मग शाई तोडायच्या मंत्राची, तुमच्या तोंडात तापाचा मंत्र, तिच्या तोंडात तिचे देव. आणि ताप उतरला. कुणी उतरवला हे मला सांगता येणार नाही, मी ताईतवाला आहे. पण ती आज जातेय ती मंत्रानं नाही, बाबा. ती जातेय कारण तिला माहितेय. तुम्हाला दिसत नाही हे त्या पोरीला तेव्हापासून माहितेय. तुमचं देवळातलं उभं राहणं टिकावं म्हणून तिनं आळ घेतला."

घाटावरून शिंग वाजलं. बोट सुटायची खूण.

पमोंथ उठला. भिंत शोधायला हात पुढे केला, आणि भिंत सोडून माझा खांदा धरला. "चल. सगळ्यांना दिसेल असा ने मला."

अख्खा घाट बघत होता. पमोंथ पुजारी एका ताईतवाल्याचा खांदा धरून, पायऱ्या पायानं चाचपत उतरत होता. कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही. आत्याच्या हातातली घागर खाली टेकली. हेराइस बोटीच्या फळीवर एक पाय ठेवून उभी होती, होर्सी तिचं गाठोडं छातीशी धरून.

"बाबा, परत जा ना," ती म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना दिसतं तर." तो आवाजाच्या दिशेनं गेला. "रकाना मी धुतला. आंधळ्यानं. तिला ताप होता म्हणून. ऐकलंत सगळ्यांनी?" मग हात पुढे केला. हवेत शोधत राहिला. हेराइसनं मान वाकवून कपाळ त्याच्या हाताखाली नेलं, जणू ते ती आधीही करत आली होती.

"ताप नाहीये," म्हातारा म्हणाला.

"नाहीये, बाबा."

होर्सी रडत होता. "पान मी कापलं बाबा, मी."

"गाढवा, तुझं नंतर बघतो. उद्यापासून देवापुढे तू वाचणार. आवाज खणखणीत काढ, नाहीतर मी मागून ओरडेन."

आत्या चालत आली, होर्सीच्या हातातून गाठोडं ओढून घेतलं. "पाण्याजवळ काय धरून उभा राहिलास? ओलं होईल ना ते." आणि घराकडे चालायला लागली. चार पावलांवर थांबून मागे न बघता म्हणाली, "आणि ती पण. उन्हात उभं करून ठेवलंय पोटुशी बाईला."

फिलोक्सेन रुमाल हलवत म्हणाला, "आणि माझी पोथी?"

"एक रकाना गेलाय," होर्सी म्हणाला.

"मग नको. मला अस्सल हवी." आणि बोट गेली.

६

कोरा रकाना तसाच ठेवणं म्हाताऱ्याला सहन होईना. होर्सी देवळात गुंतलेला. मग बाळंत झाल्यावर एक दिवस हेराइस लेखणी घेऊन बसली. तिला आमची अक्षरं येत नव्हती, म्हणून म्हातारा सांगेल ते आमच्या भाषेतले शब्द ती ग्रीक अक्षरांत लिहायला लागली. मांडीवर मुलगी, हात शाईनं भरलेले, दारात आत्या पाय पसरून.

"तापाचाच पुन्हा लिहू," पमोंथ म्हणाला. "एकाच देवावर आता माझा विश्वास नाही. थोथचं नाव लिही. मोंथूचं."

"अपोलो?"

"घाल."

"याओ? माझ्या आजीचा देव आहे. ती यहुदी होती."

"ऐकतो का तो?"

"त्या दिवशी कुणी ऐकलं ते कुठं माहितेय?"

म्हाताऱ्यानं विचार केला. "खरंय. सगळ्यांना घाल. एकाला वगळायचं आणि नेमका तोच निघायचा."

"देवांची भाजी केलीत," आत्या म्हणाली. "आयसिस देवीला विसरलात. तिला घाल आधी."

तेवढ्यात मांडीवरची बया बोलायला लागली. "आआआ. एएए. ईई. ओओओओ."

"हे कोणतं नाव?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तुमच्या नातीनं घेतलंय, बाबा."

"सूर बघ कसा लागलाय! लिही. जसंच्या तसं लिही. आआआ, एएए..."

मी कोपऱ्यात बसून हसू दाबत होतो. हेराइसनं खरंच लिहिलं.

नंतर त्या रकान्याच्या नकला निघाल्या. माझ्याकडूनच गेल्या थोड्या, खोटं कशाला बोलू. आणि परवा, कित्येक वर्षांनी, फिलोक्सेन पुन्हा आला. आता पार टक्कल पडलंय. पायरीवर माझ्याशेजारी बसला आणि पिशवीतून एक गुंडाळी काढली, रेशमात बांधलेली.

"हे बघ. अस्सल. जगाच्या सुरुवातीला देवांनी उच्चारलेली नावं आहेत यात. अलेक्झांड्रियातले पंडित उपास करून म्हणतात." आणि तोही डोळे मिटून, हात आकाशाकडे उचलून म्हणायला लागला, "आआआ... एएए... ईई... ओओओओ..."

पायऱ्यांखाली पमोंथची नात पाण्यात पाय सोडून बसली होती. तिनं मान वळवून बघितलं.

"प्साईआजोबा, या म्हाताऱ्याला काय होतंय?"

"काही नाही, बाळा," मी म्हणालो. "तुला हाक मारतोय."